टॉवेल कोणाच्या हातात?

1 मे 2000 रोजी टोकियो डोममध्ये होणाऱ्या लढतीसाठी ब्राझीलच्या ग्रेसी घराण्याने खास नियम मागितले आणि ‘प्राइड’ या जपानी संस्थेने ते मान्य केले. फेरी 15 मिनिटांची, पण फेऱ्या किती याला मर्यादा नाही. गुण मोजून विजेता ठरवायचा नाही. पंचाने मध्ये पडून लढत थांबवायची नाही. एक तर कोणी बेशुद्ध पडेल, नाहीतर हात आपटून हार कबूल करेल, नाहीतर त्याच्या कोपऱ्यातली माणसे टॉवेल टाकतील. घराण्याचा रॉयस ग्रेसी एका बाजूला आणि आकिता प्रांतातून आलेला, चुओ विद्यापीठात कुस्ती शिकलेला काझुशी साकुराबा दुसऱ्या बाजूला. सहा फेऱ्या म्हणजे 90 मिनिटे हे चालले. साकुराबाच्या लाथांनी रॉयसच्या पायांत उभे राहण्याचे बळ उरले नाही आणि शेवटी टॉवेल पडला तो ग्रेसींच्याच कोपऱ्यातून. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने त्याच रात्री साकुराबा पुन्हा रिंगणात आला. या वेळी समोर होता त्याच्यापेक्षा खूप जड असलेला युक्रेनचा ठोसेबाज इगोर वोव्हचांचिन. आणखी 15 मिनिटे लढून झाल्यावर जादा फेरीची वेळ आली तेव्हा साकुराबाच्या माणसांनी टॉवेल टाकला. एका रात्रीत 105 मिनिटांची लढाई. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) इतिहासात ही रात्र पराक्रम म्हणून नोंदली गेली आहे, आणि ती पराक्रमाचीच होती. पण तिच्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय पराक्रमाच्या खात्यावर कोणी मांडत नाही. तो दुसऱ्या टॉवेलचा.

साकुराबाची कारकीर्द सहसा दोन भागांत सांगितली जाते. पहिल्या भागात तो ‘ग्रेसींचा शिकारी’, दुसऱ्या भागात पडत-झडत लढत राहणारा जिद्दी म्हातारा. दोन्ही भागांचा नायक एकच, त्याचे धैर्य. ही मांडणी मला पटत नाही. कारकिर्दीतले निर्णायक प्रसंग एकापुढे एक ठेवले तर जवळजवळ प्रत्येकात एकच प्रश्न उभा राहतो: आता थांबायचे, हे कोणी ठरवायचे? तो अधिकार ठिकाणावर होता तेव्हा साकुराबा जगातला सगळ्यात कल्पक लढवय्या ठरला. तो सुटला तेव्हा त्याच माणसाचे शरीर वर्षानुवर्षे खर्ची पडले. म्हणूनच, लढणाऱ्याच्या इच्छेवर थांबण्याचा निर्णय सोडता येत नाही, आणि तो अधिकार बाहेरच्या कोणाकडे तरी, लढत ठरण्याच्याही आधीपासून असला पाहिजे, असे ही कारकीर्द सांगते, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातच एका चुकीच्या थांबवण्याने झाली. साकुराबा मुळात व्यावसायिक कुस्तीतला, म्हणजे ठरवून केलेल्या लढतींच्या जगातला. लहानपणी टायगर मास्क या मुखवटेधारी पैलवानावर भाळलेला हा मुलगा नोबुहिको ताकाडाच्या ‘यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल’मध्ये गेला. तिथे इंग्लंडच्या विगनमधली जुनी कॅच कुस्ती अंगात मुरवलेल्या बिली रॉबिन्सनकडून त्याला खरे पेच शिकायला मिळाले. निकाल ठरलेला असला तरी डाव खरे असत. पण 1997 पर्यंत या पैलवानांची अब्रू गेली होती. त्यांच्यातला योजी आंजो लॉस एंजेलिसला रिक्सन ग्रेसीच्या आखाड्यात आव्हान द्यायला गेला आणि रक्तबंबाळ होऊन परतला. ऑक्टोबर 1997 मध्ये खुद्द ताकाडा ‘प्राइड’च्या पहिल्याच कार्यक्रमात रिक्सनकडून पाच मिनिटांच्या आत हरला. त्याच डिसेंबरात योकोहामात ‘यूएफसी’ या अमेरिकी संस्थेची स्पर्धा झाली. साकुराबासमोर होता मार्कस सिल्व्हेरा, ग्रेसी पद्धतीतला आणि वजनाने कितीतरी भारी. ठोसे चुकवत साकुराबा पट काढायला खाली वाकला. पंच जॉन मॅकार्थीला वाटले तो कोसळला, आणि त्याने लढत थांबवली. साकुराबा पिंजऱ्यातून बाहेर पडायला तयार होईना. चित्रफीत पाहिल्यावर पंचाने चूक मान्य केली, निकाल रद्द झाला. अंतिम फेरीतला दुसरा खेळाडू जखमी होऊन बाहेर पडल्यामुळे त्याच रात्री हे दोघे पुन्हा भिडले आणि साकुराबाने हाताचा सांधा ओढून सिल्व्हेराला हार मानायला लावली. जपानी व्यावसायिक पैलवान खरोखरच बळकट असतात, असे तो त्यानंतर म्हणाला, आणि ते वाक्य जपानमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे.

पंचाने घाईने थांबवले तर खेळाडूचे नुकसान होते, हा माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप या प्रसंगातूनच निघतो. तो खरा आहे. पण इथे काय झाले ते नीट पाहावे. चूक झाली, ती तपासली गेली, दुरुस्त झाली आणि दोन्ही लढवय्ये धडधाकट होते म्हणून लढत पुन्हा घेता आली. लवकर थांबवण्याची चूक सुधारता येते. उशिरा थांबवण्याची चूक सुधारायची कशी? मोडलेल्या हाडाची, फाटलेल्या कानाची, आपटलेल्या मेंदूची फेरतपासणी होत नाही. दोन्ही बाजूंना चूक होऊ शकते म्हणून दोन्ही चुका सारख्या, असे मानणे हा या क्षेत्रातला जुना गैरसमज आहे.

पुढची तीन वर्षे मात्र निव्वळ आनंदाची. साकुराबाच्या लढती पाहिल्या तर हा मनुष्य हसतखेळत लढतो हे लगेच कळते. नारिंगी चड्डी, मुखवटे घालून प्रवेश, खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पायांवरून कोलांटी मारून पलीकडे जाणे, दोन्ही हातांनी एकाच वेळी मानेवर मारायचा व्यावसायिक कुस्तीतला तो नाटकी दणका. त्याला सिगारेटचे आणि दारूचे वावडे नव्हते, आणि हे तो लपवतही नसे. कार्लोस न्यूटनला गुडघ्याच्या पेचात पकडले, व्हिटर बेलफोर्टला गुणांवर हरवले. रॉयसशी झालेल्या त्या लढतीत तर त्याने रॉयसच्या जाड सुती पोशाखालाच हत्यार केले. ग्रेसींच्या कलेत पोशाखाची पकड हा पाया. साकुराबाने तोच पोशाख ओढून रॉयसला गुंतवून टाकले. ही बुद्धी होती, आणि प्रेक्षक तिच्यावर लुब्ध होते. धाडस हा तिचा एक भाग होता, सगळी बुद्धी नव्हे.

ग्रेसी घराण्याबरोबरच्या भांडणाचे मूळ थांबवण्यातच होते. नोव्हेंबर 1999 मध्ये रॉयलर ग्रेसीशी लढत झाली ती 15 मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांवर निकाल नसलेली. दुसरी फेरी संपायला दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना साकुराबाने रॉयलरचा हात पाठीमागे पिळला, तोच पेच जो किमुरा नावाने ओळखला जातो. रॉयलर हार मानेना, पंचाने लढत थांबवली. वेळ संपला असता तर बरोबरी झाली असती, म्हणून घराणे संतापले: आमच्या माणसाने हार मानली नव्हती. पुढच्या वर्षी रॉयससाठी पंचाचा हस्तक्षेपच नको अशी अट आली ती इथून. या पेचाचा इतिहासही या घराण्याला अपरिचित नव्हता. ऑक्टोबर 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानात मासाहिको किमुराने हेलियो ग्रेसीचा हात याच पेचात मोडला होता. तेव्हाही हेलियोने हार मानली नव्हती. थोरला भाऊ कार्लोस याने टॉवेल टाकला. म्हणजे हार न मानण्याचा अभिमान मिरवणाऱ्या घराण्याच्या इतिहासातला सगळ्यात जाणता क्षण एका भावाने दुसऱ्याच्या वतीने मानलेल्या हारीचा होता. ऑगस्ट 2000 मध्ये रेन्झो ग्रेसीचा कोपर साकुराबाने तसाच निखळवला. रेन्झोनेही हात आपटला नाही, आणि नंतर माइक हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याची मनापासून स्तुती केली. ती दिलदारी मोठीच. पण पंच मध्ये आला नसता तर तिची किंमत आणखी वाढली असती.

इथे आपल्या मातीतल्या कुस्तीशी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपते. हरणाऱ्याला विचारावे लागत नाही, आणि चितपट झालेला पैलवान अंग झटकून उठतो. एमएमएमध्ये पेच लागल्यावरचा निकाल हरणाऱ्याच्या संमतीवर अवलंबून असतो. हार मान, म्हणजे संपेल. त्यामुळे हाड आणि अभिमान यांच्यातली निवड त्या क्षणी त्याच माणसावर येते ज्याला आयुष्यभर अभिमानच निवडायला शिकवले आहे. अशा माणसाच्या संमतीला आपण स्वातंत्र्य म्हणतो, तेव्हा आपण आपली सोय बघत असतो.

आणि मग 25 मार्च 2001. त्या दिवशी ‘प्राइड’ने नियम बदलले: खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथा आणि गुडघे मारायला परवानगी. गंमत अशी की काही महिन्यांपूर्वीच अमेरिकेत न्यू जर्सीच्या क्रीडा आयोगाने नेमके हेच प्रकार बंद करणारे नियम लागू केले होते आणि ‘यूएफसी’ त्या नियमांखाली लढती भरवू लागली होती. जपानमध्ये असा सरकारी आयोग नव्हता. नियम, पंच, जोड्या, वैद्य, सगळे संयोजकाच्या घरचे. नव्या नियमांखाली साकुराबा ब्राझीलच्या वांडरलेई सिल्वासमोर आला आणि 1 मिनिट 38 सेकंदांत संपला. त्याच नोव्हेंबरात 93 किलो गटाच्या किताबासाठी पुन्हा सिल्वा. साकुराबाचे नैसर्गिक वजन त्या गटाच्या बरेच खाली. गळ्याला पकडून लटकला असताना सिल्वाने त्याला उचलून आपटले, कॉलरबोन मोडला, फेरी संपल्यावर डॉक्टरांनी लढत थांबवली. ऑगस्ट 2002 मध्ये क्रोएशियाचा मिर्को ‘क्रो कॉप’, जड गटातला लाथांचा बादशहा. या वेळी डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. एका वर्षाने सिल्वा तिसऱ्यांदा, आणि साकुराबा बेशुद्ध. 2005 मध्ये रिकार्डो अरोनाने त्याच्या चेहऱ्याची जी अवस्था केली ती पाहून दुसऱ्या फेरीनंतर कोपऱ्याने टॉवेल टाकला. साकुराबाची एकूण कामगिरी 26 विजय, 17 पराभव, 1 बरोबरी आणि 2 रद्द लढती अशी आहे. त्या 17 पैकी 15 पराभव या मार्च 2001 पासूनचे. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. म्हातारपण आले म्हणून तो हरू लागला, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते. त्याच्या हातातून खेळाचे मैदानच काढून घेतले होते: तो जमिनीवरच्या खेळाचा राजा, आणि जमिनीवर राहणेच आता सगळ्यात धोक्याचे.

दुसरा आक्षेप इथे येतो, आणि तो वजनदार आहे. साकुराबाची कीर्तीच मुळात विषम जोडींतून आली. सिल्व्हेरा जड, वोव्हचांचिन जड, हे सामने झाले नसते तर आज त्याचे नाव कोण घेते? शिवाय विषमतेचा फायदा त्यालाही मिळाला. रॉयलर त्याच्यापेक्षा बराच हलका होता, आणि ही गोष्ट त्याचे चाहते सोयीस्करपणे विसरतात. मान्य. पण जोड विषम असणे आणि विषम जोडीलाच धंद्याचा पाया करणे यांत फरक आहे. वोव्हचांचिनसमोर साकुराबाला 15 मिनिटांनंतर बाहेर काढणारी माणसे होती. त्याच स्पर्धेच्या आधीच्या फेरीत गाय मेझगरचा गुरू केन शॅमरॉक जादा फेरीला साफ नकार देऊन आपल्या खेळाडूला घेऊन चालता झाला. लढत एकाच फेरीची ठरली होती, असे त्याचे म्हणणे. पळपुटेपणा म्हणून तेव्हा त्याची टिंगल झाली. मला मात्र त्या वर्षातल्या मोजक्या शाबूत कोपऱ्यांपैकी तो एक वाटतो. मोठ्या प्रतिस्पर्ध्यापुढे उभे राहायला हरकत नाही. हरकत आहे ती तिथून बाहेर यायचा रस्ता बंद करण्याला.

2006 साली साकुराबा ‘प्राइड’ सोडून ‘हीरोज’ या दुसऱ्या संस्थेकडे गेला, आणि त्या वर्षातल्या तीन घटनांइतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही. ऑगस्टमध्ये लिथुआनियाच्या केस्टुटिस स्मिर्नोवासने त्याला ठोशांनी दोरांखाली अर्धवट बाहेर पाडले. तो शुद्धीवर आहे की नाही हे सांगणे कठीण होते. पंचाने थांबवण्याऐवजी दोघांना मध्यभागी आणून लढत पुन्हा सुरू केली. थोड्या वेळाने साकुराबाने हाताचा सांधा पकडून लढत जिंकली. स्टेडियम वेडे झाले. ही लढत दाखवून लोक म्हणतात, पाहा, थांबवले असते तर हा चमत्कार झाला नसता. याला माझे उत्तर असे की चमत्कार झाल्यामुळे पंचाचा निर्णय बरोबर ठरत नाही. आंधळेपणाने रस्ता ओलांडणारा वाचला म्हणून तसे ओलांडणे शहाणपणाचे होत नाही. ऑक्टोबरमध्ये तो सरावात कोसळला. मेंदूच्या मागच्या भागाच्या रक्तपुरवठ्यात अडथळा असल्याचे निदान झाले आणि त्याची ठरलेली लढत रद्द झाली. आणि 31 डिसेंबरला तो पुन्हा रिंगणात होता. जपानमध्ये वर्षअखेरीची रात्र म्हणजे टीव्ही वाहिन्यांच्या स्पर्धेची रात्र, आणि साकुराबा हे नाव त्या रात्री विकले जाणारे. समोर योशिहिरो आकियामा. साकुराबाची पकड घसरू लागली. तो पंचाला ओरडून सांगत होता की याचे अंग निसरडे आहे. पंचाने ऐकले नाही, आकियामाने ठोशांनी जिंकले. अंगाला लोशन चोपडले होते हे नंतर निष्पन्न झाले, निकाल रद्द झाला, आकियामावर बंदी आली. लढवय्याने स्वतःहून थांबवण्याची मागणी केली असा हा दुर्मीळ प्रसंग, आणि नेमक्या त्याच वेळी ऐकायला कोणी नव्हते. ‘हा त्याचा स्वतःचा निर्णय होता’ असे म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत आवाज मोठा करून पाहावी.

प्रौढ माणसाला आपल्या शरीराचे काय करायचे ते ठरवू द्यावे, हा तिसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. साकुराबाला लढायला आवडत असे, पैसे मिळत, त्याला कोणी दोरखंडाने बांधून आणले नव्हते. पण निर्णय घेण्याचे साधन म्हणजे मेंदू, आणि या खेळात झिजतो तोच. लास व्हेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने 2011 पासून मुष्टियोद्ध्यांचा आणि एमएमए खेळाडूंचा दीर्घकाळ अभ्यास चालवला आहे. ज्यांनी जास्त लढती केल्या त्यांच्या मेंदूच्या काही भागांचे आकारमान कमी आणि विचाराचा वेग मंद, असा संबंध त्यात आढळला. ‘प्राइड’च्या रिंगणात वर्षानुवर्षे मार खाल्लेला गॅरी गुडरिज आपल्या विस्मरणाबद्दल जाहीरपणे बोलला आहे. साकुराबाच्या प्रकृतीविषयी अंदाज बांधणे योग्य नाही आणि माझ्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. ज्या अवयवाने संमती द्यायची त्यालाच इजा होण्याचा धोका असेल तर संमतीची तपासणी दुसऱ्या कोणी करावी, एवढेच पुरे आहे.

मग सरकारी आयोग नेमला की झाले? तसेही नाही, आणि आयोगाचे गोडवे गाणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन घटना आठवाव्यात. जून 2007 मध्ये लॉस एंजेलिसला साकुराबा आणि रॉयस पुन्हा भेटले, रॉयस गुणांवर जिंकला आणि राज्य आयोगाच्या तपासणीत त्याच्या नमुन्यात नँड्रोलोन हे उत्तेजक सापडले. आयोग नसता तर ते कळलेही नसते. पण याच राज्यात नोव्हेंबर 2018 मध्ये 48 वर्षांच्या चक लिडेलला टिटो ऑर्टिझविरुद्ध उतरू दिले गेले, आणि लिडेल पहिल्याच फेरीत कोसळला. कागदावर शिक्का होता. शिक्का मारणाऱ्यावर तिकिटांचा, टीव्हीचा, जुन्या नावाच्या ओढीचा दबाव असतोच. हा दबाव आपल्यापर्यंतही पोहोचला आहे. मार्च 2012 मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या ‘सुपर फाइट लीग’चा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा मुख्य लढत होती बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन यांची, म्हणजे जपानी रिंगणात नाव कमावून उतरणीला लागलेल्या दोन आडदांड पुरुषांची. नवा खेळ रुजवायचा तर नवे खेळाडू हवेत, पण जाहिरातीला जुनी नावे लागतात. साकुराबाच्या उत्तरार्धाचे अर्थशास्त्र यापेक्षा वेगळे नव्हते.

ते चालूच राहिले. 2010 च्या वर्षअखेरीस मारियस झारोम्स्किसविरुद्ध कान फाटून लोंबू लागला तेव्हा डॉक्टरांनी लढत थांबवली. पुढच्या सप्टेंबरात तो पुन्हा हरला आणि मग चार वर्षे एमएमएपासून लांब राहिला. या काळात ‘न्यू जपान’मध्ये पुन्हा व्यावसायिक कुस्ती केली. ती त्याला शोभून दिसली, कारण तिथे त्याच्या खेळकरपणाला वाव होता. आणि तरीही 29 डिसेंबर 2015 रोजी, 46 व्या वर्षी, ‘रिझिन’ या नव्या संस्थेच्या पहिल्या महोत्सवात त्याला स्वतःपेक्षा 14 वर्षांनी लहान शिन्या आओकीसमोर उभे केले गेले. आओकी वर बसून ठोसे मारत होता, खालचा माणूस फारसा प्रतिकार करत नव्हता. पंचाच्या आधी साकुराबाच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला. 15 वर्षांपूर्वी वोव्हचांचिनसमोर जी माणुसकी दिसली होती तीच पुन्हा दिसली, फक्त या वेळी ती लढत ठरण्याआधी दिसायला हवी होती. त्यानंतर तो एमएमएच्या रिंगणात उतरला नाही. 2017 मध्ये ‘यूएफसी’ने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले. त्या संस्थेसाठी तो एकाच रात्री दोनदा लढला होता, त्यातली एक लढत रद्द. बाकी सगळी कीर्ती ‘प्राइड’ची, आणि ‘प्राइड’ 2007 मध्ये ‘यूएफसी’च्या मालकांनीच विकत घेतली होती.

साकुराबाने स्वतः या प्रश्नावर कुठे भाषण केलेले नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसावी. पण नियम ठरवण्याची वेळ त्याच्यावर आली तेव्हा त्याने काय ठरवले ते पाहता येते. एप्रिल 2018 मध्ये टोकियोच्या रयोगोकू कोकुगिकानमध्ये, सुमोच्या त्या प्रसिद्ध सभागृहात, त्याने ‘क्विंटेट’ ही संघांची स्पर्धा सुरू केली. पाच जणांचा संघ, फक्त पकडी आणि पेच, ठोसा किंवा लाथ अजिबात नाही. पाचही जणांचे मिळून वजन 430 किलोंच्या वर जाता कामा नये. जिंकणारा पुढच्या प्रतिस्पर्ध्यासाठी मॅटवर थांबतो, बरोबरी झाली तर दोघेही बाहेर. लढत 8 मिनिटांची. आणि समोरासमोर आलेल्या दोघांच्या वजनात 20 किलोंचा फरक असेल तर 4 मिनिटांची.